आम्ही चौथ्या फर्म्याचे

समस्त मराठी वाचकवर्गास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, वयाच्या नवव्या वर्षी प्रस्तुत लेखिका ही गिरगावातली मराठी बालवाङ्मयाची सर्वांत मोठी जाणकार होती. मात्र ही जाणकारी पान एकोणपन्नास ते पान चौसष्ट एवढ्यापुरतीच मर्यादित होती. पान अठ्ठेचाळीसपर्यंत काय घडलं आणि पासष्टपासून पुढे कोणाचं काय झालं, याबद्दल ती तेव्हाही काही सांगू शकत नव्हती, आजही सांगू शकत नाही. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी उभं राहून हात वर करावा. बाकीच्यांनी बसून घ्यावं, कारण ही सगळी दमलेल्या माणसांची गोष्ट आहे आणि मलाही आता गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही.

आमचं घर फणसवाडीत दुसऱ्या मजल्यावर होतं. घर म्हणजे एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर. त्यात आई, बाबा, बाबांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. बाबा एका कचेरीत कारकून होते. त्यांच्या पगारात महिन्याचे पहिले तीन आठवडे नीट बसत, चौथा बाहेर राही. तो चौथा आठवडा आई कागदावर ओढून आणायची. पुस्तक छापखान्यातून बाहेर पडतं ते पुस्तक म्हणून पडत नाही. पलंगावर अंथरता येईल एवढा मोठा कागद असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून सोळा पानं छापलेली असतात, त्यातली निम्मी डोक्यावर उभी. त्या कागदाला ठरलेल्या तीन घड्या घातल्या की पानं आपोआप ओळीला लागतात. त्या घडीला म्हणायचं फर्मा आणि घड्या घालण्याला म्हणायचं फर्मे मोडणं. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले, वर पुठ्ठा चढवला, की झालं पुस्तक. शिवायचं आणि पुठ्ठ्याचं काम दामूशेट बाइंडर यांच्या दुकानात व्हायचं. मोडायचं काम त्यांच्या माणसाच्या खांद्यावरून, गठ्ठ्यागठ्ठ्याने, आसपासच्या वाड्यांमधल्या घरांत जायचं.

दामूशेटांची एक पद्धत होती. एका घराला कायम एकच फर्मा. आमच्याकडे चौथा. पुस्तक कुठलंही असो, भुताचं, राजाचं, विज्ञानाचं, आमच्याकडे त्याचा चौथाच फर्मा यायचा. तिसरा कुठे जातो, पाचवा कोण मोडतं, हे कळायला मार्ग नव्हता, कारण ती घरं दुसऱ्या वाड्यांमध्ये होती आणि दामूशेटांनी ती मुद्दामच लांब लांब निवडली होती. असं का, ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आडनावासारखंच असतं ते. कुणी सावंत असतं, आम्ही परब, आणि आम्ही चौथ्या फर्म्याचे.

फर्मे घरात असले की आमच्याकडे मासे बंद. कोकणातल्या माणसाला ही शिक्षा कोर्टाने दिली तरी तो वरच्या कोर्टात जाईल, पण आईच्या वर कोर्ट नव्हतं. नवा कागद वास धरतो. एकदा तळलेल्या बांगड्याचा वास कुठल्याशा संतचरित्राला लागला आणि दामूशेटांनी दुकानात सगळ्यांसमोर तो फर्मा आईच्या नाकाशी धरला. तेव्हापासून फर्म्यांच्या दिवसांत तेल नाही, हळद नाही, फोडणी नाही. मीठ-भात, भाजलेले पोहे, चटणीशिवायची कोरडी भाकरी. आत्या त्याला ‘फर्म्याचे उपास’ म्हणायची. शाळेतून मी खोताच्या वाडीतून यायचे, मुद्दाम लांबचा रस्ता धरून, कारण तिथल्या लाकडी घरांमधून संध्याकाळी भाजलेल्या सुक्या बोंबलांचा वास यायचा. तो पोटभर घेऊन घरी यायचं, हातपाय धुवायचे, फ्रॉकला हात कोरडे करायचे आणि बसायचं मोडायला.

त्या संध्याकाळचा आवाज अजून माझ्या कानात आहे. बांबूची गुळगुळीत पट्टी घडीवरून ओढली की सर्र व्हायचं. आईची सर्र, आत्याची सर्र, मग माझी, जरा उशिराने. पान उजेडाकडे धरायचं, आकड्यावर आकडा आला की घडी, मग पट्टी. सर्र. आई दिवसभर उभी असायची आणि संध्याकाळी बसली की तिचे डोळे अर्धे मिटायचे, पण हात थांबायचे नाहीत. बाबा कचेरीतून येऊन भिंतीला टेकून बसायचे ते तसेच झोपी जायचे, हातात चहाची बशी सरळ धरून. बशीतला चहा सांडला आहे असं मी कधी पाहिलं नाही. आत्या त्यांच्याकडे बघून म्हणायची, “बघ गो, माझो भाव झोपेतसुद्धा सरकारी नोकरासारखो बसता.” बाबा सरकारी नव्हते, पण ते स्पष्टीकरण द्यायलाही जागे नसत.

अशा घरात मी वाचायला शिकले. म्हणजे शाळेत शिकले असेन, पण वाचायची चटक घरीच लागली. कागद अजून मोडलेला नसे तेव्हा वाचायचं तर मान उलटी करावी लागे. मोडल्यावर वाचायचं तर वरची कड कापलेली नसल्यामुळे घडीत डोकावून, पाकिटातलं पत्र चोरून वाचावं तसं. मी दोन्ही प्रकारांत तरबेज झाले. वाचताना माझा हात थांबायचा. सर्र, सर्र, आणि मग काहीच नाही. आई मान वर न करता एकच शब्द बोलायची, “सुषे, हात.” मी हात चालवायचे. थोड्या वेळाने पुन्हा, “सुषे, हात.” माझं बालपण एका वाक्यात लिहायला कुणी सांगितलं तर एवढंच लिहीन.

आता जरा विचार करा. कुठल्याही गोष्टीचा चौथा फर्मा म्हणजे काय? सुरुवातीची मजा संपलेली, शेवटाची चाहूल नाही. राजपुत्र जंगलात चुकलेला. राजकन्या गुहेत. शास्त्रज्ञाचं यंत्र बिघडलेलं. सगळे नुसते चालताहेत, शोधताहेत, थकताहेत. मला वाटायचं, पुस्तकं अशीच असतात. एका वाक्याच्या मध्यात सुरू होतात, सोळा पानं हाल होतात आणि दुसऱ्या वाक्याच्या मध्यात संपतात. पन्नाशी उलटल्यावर आता माझं म्हणणं असं आहे की माझा तो समज फारसा चुकीचा नव्हता.

हे सगळं आठवायचं कारण माझ्या भाचीची मुलगी. ती दादरच्या एका शाळेत तिसरीत आहे. त्यांना दर आठवड्याला वाचलेल्या पुस्तकाचा रिव्ह्यू करावा लागतो. परवा ती माझ्याकडे आली, माझाच मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्याच्यासमोर बोलली, “हाय, आय ॲम ईरा. हे पुस्तक मला सो-सो वाटलं. मधे फार बोअर होतं. टू स्टार.” झालं, आणि पोहे मागितले. मी थक्क झाले. लेखकाला दोन तारे देऊन ही पोरगी निवांत शेंगदाणे वेचून खात होती. मग मला म्हणाली, “मावशीआजी, तुमच्या वेळी रिव्ह्यू होते?” मी म्हटलं, होते बाई. आमच्या वेळी त्यांना अभिप्राय म्हणत आणि ते सगळ्या वर्गासमोर उभं राहून द्यावे लागत.

आमच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास अभिप्रायाचा. वर्गाच्या बाई म्हणजे वैशंपायन बाई. उंच, गोऱ्या, पुण्याहून लग्न होऊन गिरगावात आलेल्या आणि ते अजून मनापासून न पटलेल्या. त्यांना घरी आजारी सासू होती, शाळेत पन्नासच्या वर मुलं होती, आणि शनिवारपर्यंत त्यांचा आवाज घशात फक्त आठवणीपुरता उरायचा. एकेकाने फळ्यासमोर यायचं आणि वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं. सुरुवातीला मुलं आपल्या मनाने बोलत. प्रदीप खानोलकरने सांगितलं, “मला हे पुस्तक आवडलं कारण ते पातळ आहे.” ललिता म्हणाली, “राणीला राजवाड्यात एवढ्या खोल्या आहेत आणि तरी ती रडते. आमच्या खोलीत आम्ही आठ जण आहोत, रडायला जिन्यात जावं लागतं. मला राणी आवडली नाही.” एकाने तर राक्षसाची बाजू घेतली, कारण राक्षस एकटा होता आणि ते सगळे मिळून आले होते. बाई ऐकत असत, आणि मला वाटतं त्यांना मजाही येत असावी, पण मग तपासणीला साहेब आले. त्यांनी राक्षसाची बाजू ऐकली आणि मुख्याध्यापकांना काहीतरी बोलून गेले. पुढच्या शनिवारी फळ्यावर चार वाक्यं आली. पुस्तकाचं नाव अमुक. चित्रं सुबक आहेत. यातून आपल्याला असा बोध मिळतो की रिकामी जागा. हे पुस्तक सर्वांनी अवश्य वाचावे.

तेव्हापासून सगळ्यांना सगळीच पुस्तकं आवडू लागली. तुम्ही कधी पन्नास मुलांना ओळीने एकेक पुस्तक आवडताना ऐकलं आहे का? दुपारची वेळ, पंखा किरकिर करतो आहे, बाहेर कुठेतरी बर्फाच्या लादीवर टोचा पडतो आहे, आणि चित्रं सुबक आहेत, चित्रं सुबक आहेत, चित्रं सुबक आहेत. बाई उघड्या डोळ्यांनी झोपायच्या. ज्या पुस्तकात चित्रंच नव्हती त्यातलीही चित्रं सुबक होती, तरी त्यांची पापणी हलली नाही. माझी पंचाईत वेगळीच. बाईंनी एकदा जाग येऊन मला विचारलं, “सुषमा, गोष्टीची सुरुवात कशी होते?”

“सुरुवात आमच्याकडे येत नाही, बाई.”

“म्हणजे? बरं, शेवट सांग.”

“शेवटही नाही येत. आमच्याकडे मधलंच असतं.”

बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला. “अर्धवट वाचून सोडून देण्याची ही कुठली तऱ्हा? बस खाली.” मी बसले. वर्गाने मला ‘मधली’ असं नाव ठेवलं. प्रदीप तर मला मधल्या सुट्टीत वेळ झाली की हाक मारायचा, “ए मधले, चल, तुझी सुट्टी झाली.” त्याचा राग यायचा नाही. आपण चौथ्या फर्म्याचे आहोत हे खरंच होतं.

त्याच सुमारास दिनू आमच्या घरी आला. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव प्रत्येक फर्म्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, म्हणून मला ते माहीत होतं: ‘दिनू आणि काळ्या शिडाचं गलबत’. चौथ्या फर्म्याच्या पहिल्या ओळीतच चाचे दिनूला डोलकाठीला बांधत होते. मग ते ओरडत होते. मग त्यांनी दिनूच्या देखत बोकड भाजला, खाल्ला, आणि पुन्हा ओरडले. मग वादळ आलं. वादळात ते आणखी मोठ्याने ओरडले. वादळ गेलं. दिनू बांधलेलाच. पान चौसष्टच्या शेवटच्या ओळीपर्यंत दिनू डोलकाठीला बांधलेला होता, आणि तिथे वाक्य तुटत होतं. असा एक दिनू नव्हे, हजारभर दिनू आमच्या पलंगाखाली गठ्ठ्यांत बांधून पडले होते. दिवस उकाड्याचे होते. पंखा लावायचा नाही, कागद उडतात. सर्र, सर्र. मी त्या फर्म्यापाशी इतकी बसले की चाचे काय ओरडतात ते मला पाठ झालं. आत्याने एकदा विचारलं, “काय आसा गो त्यात? तुझा तोंड असा कित्याक झाला?” मी म्हटलं, “आत्या, यात काही होतच नाही.” आत्या म्हणाली, “मग ह्या आमच्याच घराबद्दल लिवलेला आसतला.” आईने मान वर केली नाही. “सुषे, हात.”

गठ्ठे गेले, घरात तळणीचा आवाज परतला, आणि शाळेत समारंभ ठरला. समारंभ कशाचा, तर कपाटाचा. शाळेला वाचनालयासाठी एक नवं लोखंडी कपाट मिळालं होतं आणि त्याचं उद्‌घाटन होतं. कपाटाला फीत बांधली होती, हार घातला होता, कुंकू लावलं होतं. एखाद्या कपाटाच्या वाट्याला एवढा मान आला की त्याने उरलेलं आयुष्य बंदच राहायचं असतं, तसं ते राहिलंही. कपाटातली जुनी पुस्तकं दामूशेट बाइंडर यांनी फुकट बांधून दिली होती, सगळी एकाच निळ्या कापडात, त्यामुळे आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नसे. म्हणून दामूशेट पहिल्या रांगेत, कोट घालून. पालकांनाही बोलावलं होतं. बाबा कचेरीत. आई आली होती, तिची एकुलती एक रेशमी साडी नेसून, आणि मागच्या भिंतीपाशी बायकांमध्ये बसली होती. बसल्याबसल्या तिचे डोळे अर्धे मिटले, ते मी व्यासपीठावरून पाहिलं. मी व्यासपीठावर होते, कारण पाहुण्यांसमोर अभिप्राय द्यायला बाईंनी माझी निवड केली होती. माझा आवाज खणखणीत होता, एवढंच कारण.

पाहुणे म्हणजे मुलांसाठी लिहिणारे एक लेखक. त्यांचं नाव त्या काळी घरोघरी होतं, इथे राहू दे. मी कल्पना केली होती की लेखक म्हणजे दाढी, तलवारीसारखी नजर. आले ते एक बुटके गृहस्थ, हातात कापडी पिशवी, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. फीत कापली, हार घेतला, आणि खुर्चीत असे बसले की मला बाबाच आठवले. त्यांच्यापुढे त्या दिवशी आणखी दोन शाळा होत्या असं मुख्याध्यापकांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, आणि लेखकांनी ते ऐकून डोळे मिटले. मी त्यांच्याच एका जुन्या पुस्तकावरचा अभिप्राय म्हटला. नाव, सुबक, बोध, अवश्य वाचावे. टाळ्या झाल्या. मी वळले तेवढ्यात लेखक म्हणाले, “थांब गं. नाव काय तुझं?”

“सुषमा.”

“छान म्हणालीस. माझं आणखी काही वाचलं आहेस का?” त्यांनी हे इतक्या कंटाळून विचारलं की उत्तर ‘नाही’ असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण लेखक समोर, खरेखुरे, आणि मला तर त्यांचं एक पुस्तक पाठ होतं!

“हो!” मी म्हणाले. “दिनू आणि काळ्या शिडाचं गलबत!”

लेखकांनी डोळे उघडले. त्या एका क्षणात ते दहा वर्षांनी तरुण झाले आणि पंधरा वर्षांनी घाबरले. “ते पुस्तक,” ते सावकाश म्हणाले, “अजून प्रसिद्ध झालेलं नाही.”

आता ही गोष्ट मला कशी माहीत असणार? आमच्याकडे पुस्तकं यायची तशी यायची. ती दुकानात नंतर जातात, आणि जोपर्यंत जात नाहीत तोपर्यंत ती जगात नसतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या दृष्टीने दिनू फार जुना होता, कागदाची घडी पडून पडून मऊ झालेला. मी म्हटलं, “नाही, झालंय. मी पुष्कळ वेळा वाचलं आहे.”

मुलं हसली. वैशंपायन बाई अर्ध्या उठल्या. लेखकांनी हात वर करून त्यांना बसवलं. “असं? मग कसं वाटलं?”

चार वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. पण दिनूच्या फर्म्यात चित्रच नव्हतं, बोध पुढच्या कुठल्यातरी वाडीत गेला होता, आणि त्या बुटक्या माणसाने खरोखरच कान पुढे केला होता. “मला कंटाळा आला,” मी म्हटलं. “दिनू सुरुवातीपासून शेवटपर्यंत बांधलेलाच आहे. कुणी त्याला सोडत नाही, तोही सुटत नाही. चाचे नुसते ओरडतात. एवढं ओरडून ते दमत कसे नाहीत?”

मला वाटलं, आता लेखक उठून जाणार. ते गेले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, “तिथपर्यंत आलो की मला काही सुचत नाही गं. प्रत्येक पुस्तकात तसंच होतं. मग मी वादळ आणतो.” आणि मग, अचानक आठवल्यासारखे, “पण तुला हे मिळालं कुठे?”

मी तोंड उघडायच्या आत दामूशेट उठले. त्यांचा चेहरा त्यांच्या निळ्या कापडासारखा झाला होता. “साहेब, गैरसमज नको,” ते म्हणाले. “हिची आई आमच्याकडचे फर्मे मोडते. पोरीने एखादा कागद उलटासुलटा पाहिला असेल. तुमच्या प्रकाशकांना मी शब्द दिलेला आहे, बाजारात येईपर्यंत गोष्ट बाहेर फुटणार नाही. म्हणून तर एका घरात एकच फर्मा देतो. आणि देतो तोही अशाच बायकांना, ज्या वाचत नाहीत. नुसत्या घड्या घालतात. वाचणाऱ्या बाईला मी कागद देतच नाही, हात चालत नाही तिचा.” मग मागे वळून, जरा आवाज चढवून, “विचारा हवं तर. आई बसलीय तिची. काय हो परबबाई, तुम्ही वाचता का फर्मे?”

सगळ्या माना मागे वळल्या. आई जागी झाली होती. म्हणजे ती झोपलीच नव्हती हे मला तेव्हा कळलं. ती उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. तिला काय उत्तर द्यायचं आहे ते त्या सभागृहातल्या लहान पोरालाही कळत होतं. ‘नाही’ म्हणायचं. एक शब्द. मग गठ्ठे येत राहणार, चौथा आठवडा निघत राहणार, आणि पोरगी काय, लहान आहे, थापा मारते, असं म्हणून सगळे हसणार. मला स्वतःलाही ते उत्तर खरंच वाटत होतं. वाचण्यासाठी म्हणून धरलेला कागद मी आईच्या हातात कधी पाहिला नव्हता. बाई माझ्याकडे बघत होत्या, त्यांनी हळूच ओठ हलवून ‘काही बोलू नकोस’ असं सांगितलं.

पुढे काय झालं ते मी इथेच सांगून टाकते. दामूशेटांचे गठ्ठे आमच्याकडे यायचे बंद झाले. आमच्या घरी मग रोज मासे शिजू शकत होते, पण आणणार कशाने? आत्या रिकामी चूल बघून म्हणायची, “उपास फर्म्यांचो बरो होतो गो.” आई शेजारच्या दोन घरच्या पोळ्या करू लागली. बाबांनी चहा बशीऐवजी कपातून प्यायला सुरुवात केली, का ते त्यांनाच ठाऊक. दिवाळी तशीच गेली. मग एका संध्याकाळी दामूशेट स्वतः धापा टाकत दोन जिने चढून आले. ज्या घराला त्यांनी चौथा फर्मा दिला होता तिथल्या घड्या वाकड्या येत होत्या. ते दारात उभे राहिले, आईकडे न बघता भिंतीकडे बघून म्हणाले, “वाचा, पण हात चालू ठेवा.” गठ्ठा ठेवून गेले. दिनूचं पुस्तक त्याआधीच बाजारात आलं होतं. फर्मा छापून झालेला होता, त्यात आता कुणाच्या बापाला काही बदल करता येणार नव्हता. शाळेने ते पुस्तक विकत घेतलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी आई उभी होती, दामूशेट वाट बघत होते, आणि लेखक व्यासपीठाच्या कडेपर्यंत पुढे येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाले, “घाबरू नका बाई. वाचलं नसेल तर नाही म्हणा, काही बिघडत नाही.” आईने एकदा दामूशेटांकडे पाहिलं. एकदा माझ्याकडे, व्यासपीठावर एकटी उभी होते तिकडे. आणि मग, इतकी वर्षं संध्याकाळी दोन शब्दांच्या वर न बोललेली माझी आई भर सभागृहात ओरडली:

“वाचलंय तर! आणि रागावू नका, पण सोळा पानं झाली तरी त्या पोराच्या पोटात अन्नाचा कण नाही, निदान वाटीभर पेज तरी पाजायचीत त्याला!”